भरपाईच्या उड्या

"चाळीस मिनिटं! चाळीस मिनिटांचा खेळ आहे गं, महानंदा. रोज अडीच तास घाम गाळतेस तेव्हा गुडघा गप्प असतो, आणि शनिवारी चाळीस मिनिटं खेळायचंय म्हटल्यावर तुला कमोड पाहिजे झाला?"

"शनिवारसाठी मागत नाही मी, अण्णा. रोजच्यासाठी मागतेय."

"तेच म्हणतोय. वर्षभर नाही लागला, आज कसा लागला?"

"वर्षभर लागतच होता. मागितला आज."

बसवंताने चहाचा पेला ओट्यावर आपटला. बंगळुरूच्या राजाजीनगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आपटायला तेवढीच जागा होती. त्या दोघांची आई ठकुबाई खाली बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"आधी तिला बसाय येत न्हाई हे खरं का न्हाई, ते बघा," ती म्हणाली. "काल मी ऐकलंय. आतनं कडी लावून रडाय लागली होती."

"रडत नव्हते, आई. उठत होते."

बसवंताची बायको वसुमती डबा भरत होती. तिला गप्प राहणं कधी जमलं नव्हतं. "फ्रीजर गेली तीन वर्षं वन्संच्या गुडघ्याला दिलाय," ती म्हणाली. "बर्फाचे ट्रे आणि ती एक मटारची पिशवी. किती वेळा वितळली, किती वेळा गोठली, देव जाणे. लग्नाच्या वाढदिवसाला एक आइस्क्रीम आणीन म्हटलं तर ठेवायला जागा नाही. आता संडासही देऊन टाकू. गुडघा आपल्या घरातला मोठा माणूस झालाय."

"तू मध्ये पडू नकोस," बसवंत म्हणाला.

"मी कुठे पडतेय? पडायचं काम वन्संचं."

महानंदा हसली नाही. ती भिंतीला टेकून, सगळा भार उजव्या पायावर टाकून उभी होती. बत्तीस वर्षांची, सहा फूट उंच, खांद्याने रुंद बाई. या घराच्या प्रत्येक दारातून ती मान तिरकी करून जायची. उंची बापाची होती. देवाप्पा निपाणीकडून गिरणीत कामाला आला आणि बंगळुरूतच वारला, तेव्हा महानंदा नऊ वर्षांची होती आणि बसवंत सतराचा. बसवंतही उंचच. शाळेच्या संघात तोही बास्केटबॉल खेळायचा. बाप गेल्यावर त्याने बूट काढले आणि कारखान्यात लागला. तीन वर्षांनी तेच बूट, पुढे चिंध्या कोंबून, महानंदाच्या पायात घातले. रोज पहाटे सायकलच्या दांड्यावर बसवून तो तिला मैदानावर न्यायचा, खांबाला टेकून बघत उभा राहायचा आणि तिला शाळेत सोडून मग कामावर जायचा. या गोष्टी त्याने कधी बोलून दाखवल्या नाहीत. बोलून दाखवल्या असत्या तर तिला भांडता तरी आलं असतं.

पुढे ती राज्याकडून खेळली, आणि तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका क्लबने तिला व्यावसायिक संघात घेतलं. करार वर्षावर्षाचा. पहिल्या वर्षी ती बऱ्यापैकी खेळली, दुसऱ्या वर्षी कमी, आणि या वर्षी अंजली आली. तेवीस वर्षांची, महानंदापेक्षा दोन बोटं उंच. सेंटरची, म्हणजे रिंगखालच्या उंच खेळाडूची, जागा अंजलीची झाली आणि महानंदा बाकावर बसली. अख्ख्या मोसमात मिळून ती बावीस मिनिटं खेळली होती. मग गेल्या रविवारी अंजलीचं बोट मोडलं. शनिवारी मोसमातला शेवटचा सामना होता. कोचने महानंदाला बोलावून सांगितलं की सुरुवातीपासून तूच. आणि दाराशी गेल्यावर मागे न वळता म्हणाला, पुढच्या वर्षीचं शनिवारी बघून ठरवू.

म्हणून बसवंताचा जीव वरखाली होत होता.

"शनिवार होऊ दे," तो आता आवाज खाली आणून म्हणाला. "दोन दिवस. मग तुला पाहिजे तो कमोड बसव. पण आज गवंडी आला की वरची वसंतक्का विचारणार, खालचा किराणावाला विचारणार, त्याची पोरगी तुमच्या क्लबात पोहायला येते. कुणासाठी म्हणून विचारलं तर काय सांगू? आईचं नाव सांगू?"

"माझं नाव कशाला? मी अजून दोनशे बैठका घालीन," ठकुबाई म्हणाली.

"मला फक्त एवढंच सांग," बसवंत म्हणाला, "अडीच तास होतात, मग चाळीस मिनिटं का होणार नाहीत?"

"कारण सराव आणि सामना एक नसतो, अण्णा."

"मला शिकव."

तिने शिकवलं नाही. पिशवी उचलली आणि सरावाला निघाली. जिना उतरताना ती आता आडवी उतरायची, कठड्याला धरून, आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. वसुमती दारात उभी राहून बघत होती. गुडघ्यात नेमकं काय झालंय ते घरात तिला एकटीलाच माहीत होतं. तीन आठवड्यांपूर्वी कपड्यांच्या घडीखाली गुडघ्याच्या फोटोचा लिफाफा तिला सापडला होता. गुडघ्यातली गादी फाटलीय आणि हाडावर हाड घासतंय, असं डॉक्टरांनी आत लिहून दिलं होतं. उड्या बंद करा, ऑपरेशन करून घ्या, नाहीतर चाळिशीत हातात काठी येईल. वसुमतीने लिफाफा होता तसा ठेवला आणि कुणाला बोलली नाही. टोमणे मात्र वाढवले. तिची काळजी तशीच बाहेर पडायची.

मेट्रोत महानंदाला बसायला जागा मिळाली, पण तिने घेतली नाही. बसलं की उठावं लागतं.

भावाला काय शिकवायचं होतं? सरावात शिट्टी असते. कोच थांबवतो, समजावतो, तोवर कमरेवर हात ठेवून उभं राहता येतं. समोरची मुलगी आपलीच असते, बरगडीत कोपर घालत नाही. उडी कधी घ्यायची आणि कुठे उतरायचं, दोन्ही आपल्या हातात. सामन्यात दर दोन सेकंदाला शरीर थांबतं, वळतं, उलटं धावतं. पाठीवर सत्तर-ऐंशी किलोची दुसरी बाई रेलून असते. उडी तिच्या मर्जीने घ्यावी लागते आणि उतरावं लागतं ते जमिनीवर की कुणाच्या बुटावर, हे उतरल्यावरच कळतं. खेळ थांबला तरी काळीज खाली येत नाही. दुसऱ्या दिवशी पाय स्वतःचे वाटत नाहीत. पण सामना चाळिसाव्या मिनिटाला संपतो. सराव संपत नाही. सामना खेळलेल्या मुलींना दुसऱ्या दिवशी पोहण्याचा तलाव आणि मालिश असते. बाकावर बसलेल्यांना त्याच वेळी मैदानावर पळवतात, कारण सामन्याचा ताण त्यांच्या अंगाला लागलेला नसतो, तो भरून काढायचा असतो. संघाचा ट्रेनर ध्रुव त्याला टॉप-अप म्हणायचा. मुली म्हणायच्या, मोबाइलचा बॅलन्स संपला, भरा.

आणि या भरपाईतच महानंदाने स्वतःच्या हाताने स्वतःचा घात केला होता.

सगळ्या मुली सरावात कपड्यांवरून अंगाला घट्ट बसणारी बनियन घालायच्या. तिच्या पाठीकडच्या खिशात काडेपेटीएवढी चिप असायची. किती पळालीस, किती उड्या मारल्यास, कोणत्या पायावर किती जोरात उतरलीस, सगळं ती मोजायची. जानेवारीत एकदा ध्रुव टॅबमध्ये बघत सहज म्हणाला, "अक्का, लेफ्टवर लँडिंग हलकं पडतंय का?" महानंदाने हसून वेळ मारून नेली. घरी येऊन तिने फक्त अण्णाला सांगितलं.

बसवंत होसकोट्याच्या कारखान्यात पंधरा वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता. तिथे प्रत्येक प्रेसला मोजणीचं यंत्र असतं, किती ठोके पडले ते सांगणारं. जास्त दाखवले की सुपरवायझर पुढच्या महिन्यापासून तेवढेच मागतो. म्हणून जुनी माणसं मधूनच मोजणी बंद ठेवतात आणि प्रेस चालू ठेवतात. "मशीनला कमी सांगायचं," बसवंत म्हणाला होता. "मशीनला खरं सांगणारा मरतो. उड्यांच्या वेळेला बंद कर ना ते. कोण बघतंय?"

तिला पटलं. कारखान्यावर वाढलेलं घर, त्याला हेच शहाणपण वाटणार. पाणी प्यायच्या सुट्टीत ती पाठीवर हात नेऊन बटण दाबायची. उड्या आणि धक्काबुक्कीचा सराव चिपशिवाय व्हायचा. डाव्या पायाचं गुपित राहिलं. पण क्लबचं यंत्र कारखान्याच्या यंत्रासारखं नव्हतं. कमी दाखवलं की ते कमी मागत नव्हतं, जास्त मागत होतं. ध्रुवच्या टॅबमध्ये महानंदा अक्का आठवड्यामागून आठवडा आळशी दिसू लागली, आणि तो मोठ्या काळजीने तिची भरपाई वाढवत गेला. आधी दहा फेऱ्या, मग सोळा, मग फेऱ्यांवर उड्या. अण्णाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आता उघड करशील तर दोन्हीकडून जाशील."

तीन महिने तसे गेले होते.

सराव संपून मुली पांगल्यावर ध्रुव तिच्याजवळ आला. तो पुण्याचा, तिशीतला, नम्र माणूस. संघात मराठी बोलणारी ही दोघंच, त्यामुळे वाईट बातमी तो तिला मराठीत द्यायचा.

"अक्का, एक बोलायचं होतं. तुमचा वीकली लोड बघितला. मॅचमध्ये सेंटरला जेवढा पडतो, त्याच्या निम्माच भरतोय. आणि शनिवारी कोच तुम्हाला तीस मिनिटं ठेवणार. बॉडीला सवय नसताना डायरेक्ट एवढं म्हणजे रिस्क आहे."

"मग?"

"खरं तर मॅचच्या दोन दिवस आधी मी कुणाला काही देत नाही. पण तुमचे नंबर इतके लो आहेत ना... आठ-आठच्या तीन सेट उड्या. फक्त चोवीस. प्लीज. मी मीटिंगमध्ये तुमच्यासाठी भांडलोय, अक्का. अक्का फ्रेश आहे म्हणालोय."

फ्रेश. ती रिंगखाली गेली.

पहिल्या आठ झाल्या. प्रत्येक वेळी गुडघ्याच्या आत कुणीतरी ओला दोरा ओढल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या सेटची पहिली उडी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या उडीला तिने हात वर नेले, कंबर खाली घेतली आणि उजवा पाय उठला. डावा जमिनीवरच राहिला.

ती पडली नाही. उभीच राहिली. समोर कोणी नव्हतं, पाठीवर कोणी नव्हतं. फरशी कोरडी, प्रकाश चांगला, घाई नाही, शिट्टी नाही. उडी मारायला याहून सोपी जागा जगात नसेल. तिने पुन्हा हात वर नेले. पाय पुन्हा उठला नाही. बैलाने गाडीजवळ येऊन बसकण मारावी तसा तो बसला होता.

"अक्का? काय झालं?"

तिने पाठीमागे हात नेला, चिप काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"यातले आकडे खोटे आहेत, ध्रुव सर. जानेवारीपासून. उड्यांच्या वेळेला मी बंद करते."

ध्रुवला आधी कळलंच नाही. मग तो टॅब घेऊन बाकावर बसला आणि बोटाने काहीतरी मागे मागे सरकवत राहिला.

"ग्राफ सरळ तुटलेला आहे," तो शेवटी म्हणाला. "रोज. त्याच वेळेला. मी फक्त शेवटची टोटल बघत होतो. बारा जणी, रोज बारा टोटल. एकदाही आत उघडून बघितलं नाही मी."

"तुम्ही कशाला बघाल."

"माझं कामच ते आहे." तो मनाशी हिशेब करू लागला. ओठ हलत होते. "म्हणजे पूर्ण प्रॅक्टिस, त्यावर सगळे टॉप-अप... अक्का, गेल्या तीन महिन्यांत तुम्ही टीममध्ये सगळ्यात जास्त लोड घेतलाय. अंजलीपेक्षा जास्त. तिच्या मॅचेस धरूनसुद्धा."

महानंदाने मान हलवली. तिला हे टॅबशिवाय माहीत होतं. गुडघा सामन्यात गेला असता तर सांगायला एक दिवस असता, एक तारीख, समोर कोण होती, कितव्या मिनिटाला. आता विचारलं तर काय सांगणार? कुणी न बघता गेला. भरपाईत गेला.

"एमआरआय?" ध्रुवने विचारलं.

"केलाय. गादी फाटलीय."

त्याने डोळे मिटले. "हे मला कोचला सांगावं लागेल."

"सांगा."

"टीमची यादी पाच वाजता जाते," तो हळू म्हणाला. "पाचपर्यंत मी कोणाशी बोलत नाही. आधी तुम्ही सांगा, तुम्ही. माझ्या तोंडून गेलं तर नंबर खोटे केले हेच राहील लोकांच्या लक्षात." मग खाली बघत म्हणाला, "आणि खेळायचंच ठरवलंत तर... कसं ते माहीत नाही, पण गुडघ्याला टेप लावून देईन. माझी चूक आहे त्यात निम्मी."

तिने बनियन काढून घडी केली आणि बाकावर ठेवली. रोज ती धुवायला घरी न्यायची.

घरी पोचली तेव्हा साडेअकरा वाजले होते. बसवंताची दुसरी पाळी होती, बाराला कंपनीची बस यायची. तो जेवता जेवता उठला होता, ताट अर्धंच राहिलं होतं. कॉटवर पिवळ्या टी-शर्टांचा ढीग पडला होता. पाठीवर मोठ्या कन्नड अक्षरांत तिचं नाव, खाली तिचा अकरा नंबर.

"बघ," तो म्हणाला. सकाळचं भांडण तो विसरला होता, किंवा विसरल्यासारखं करत होता. "चौदा आहेत. प्रेसवरची अकरा माणसं येणार, आणि आम्ही तिघं. दयानंद तर बायकोपोरांना आणतो म्हणाला. आईचा बघ, डबल एक्सएल. लुगड्यावरनं घालायचा."

ठकुबाईने टी-शर्ट अंगाला लावून बघितला. "यात मी रिक्षासारखी दिसतोय," ती म्हणाली. पण खाली ठेवला नाही, मांडीवर घेऊन नावावरून बोट फिरवत राहिली. तिला कन्नड वाचता येत नव्हतं. "हे तुझं नाव व्हय गं?"

"हो, आई."

वीस वर्षांत ठकुबाईने लेकीचा एकही सामना बघितला नव्हता. पोरीला कुणी ढकललेलं मला बघवणार नाही, म्हणायची.

"किती वाजता निघायचं शनिवारी?" बसवंत विचारत होता. "मी सुट्टी टाकलीय. सुपरवायझरला म्हटलं, बहीण पहिल्या पाचात आहे. तो म्हणाला, सरी सरी, ठीक आहे, जा."

महानंदा भिंतीला टेकली. भावाचा चेहरा उजळला होता. ओठांच्या कडेला भाताचं शीत होतं. पंधरा वर्षं प्रेससमोर उभं राहून त्याच्याही पायाच्या शिरा फुगल्या होत्या. बूट काढलेल्या दिवसापासून तो एकाच सामन्याची वाट बघत होता आणि तो सामना त्याचा नव्हता. होय म्हणावं, असं तिला वाटलं. पहिली दहा मिनिटं कशीबशी निघतील. टेप लावून. मग समोरची पाठीवर रेलेल, आणि डावा पाय आज राहिला तसाच राहील, पण तेव्हा अंगावर ऐंशी किलो असतील. चौदा पिवळे टी-शर्ट उभे राहतील. आई बघेल.

"जेव ना आधी," वसुमती म्हणाली. ताटात वाढत ती महानंदाच्या पायाकडे बघत होती. "वन्सं, तुम्ही बसा. खुर्चीवर."

"नको, वैनी. उभीच बरी." मग ती म्हणाली, "तुझ्याकडे त्या गवंड्याचा नंबर आहे ना? ओट्याचं काम केलं त्याचा."

वसुमतीचा डाव भातातच थांबला. "आहे."

"परत तेच काढलंस?" बसवंत म्हणाला. "शनिवार तरी—"

"त्याला उद्याच बोलाव," महानंदा वसुमतीलाच म्हणाली. आवाज चढला नव्हता, रोजच्या दुधाचं सांगावं तसा होता. "संडास फोडून कमोड बसवायचा. भिंतीला धरायला एक दांडा लाव म्हणावं, डाव्या हाताला. पुढच्या आठवड्यात माझं ऑपरेशन करून घेतेय, त्याच्या आत झालं पाहिजे. आणि शनिवारी मी खेळत नाही. या शनिवारी नाही, पुढच्या वर्षीही नाही. पाचच्या आत क्लबला फोन करून सांगतेय. अण्णा, जेवून घे, तुझी बस चुकेल."